यशोदेचं अक्षर

"उद्या सकाळी पहिल्यांदा संडासला गेलात की यात थोडंसं घ्यायचं आणि झाकण घट्ट लावायचं," असं म्हणून मी प्लॅस्टिकची डबी यमुनाबाईंपुढे धरली.

त्यांनी ती लगेच घेतली नाही. आधी पदराला हात पुसले, मग डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"समद्या बाया देनार का मी येकलीच?"

"स्वयंपाकघरातल्या चौघीही. तुमच्या एकट्यांवर संशय नाही."

संशय हा शब्द माझ्या तोंडून निघायला नको होता. डबी घेऊन त्यांनी ती चुलीमागच्या फळीवर, हळदीच्या डब्याशेजारी ठेवली आणि मी म्हटलं, "तिथे नको, बाहेर ठेवा," तर निमूटपणे उचलून बाहेर नेऊन ठेवली.

धामणखेडची मुलींची निवासी शाळा होती ती. आसपासच्या डोंगरातल्या पाड्यांवरून आलेल्या दोनशे दहा मुली तिथे राहून शिकत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुली तापाने पडायला लागल्या. तीन आठवड्यांत सत्तेचाळीस मुलींना विषमज्वर झाला होता आणि त्यांतली एक, यशोदा भोये, सातवीतली, आतड्याला छिद्र पडून जिल्ह्याच्या रुग्णालयात दगावली होती. ती गेल्यावर मग पुण्याच्या आमच्या प्रयोगशाळेला पत्र आलं. बर्फाच्या पेट्या जीपमध्ये टाकून आम्ही तिघं आलो. मी चौतीस वर्षांची होते आणि साथीच्या तपासावर पहिल्यांदाच प्रमुख म्हणून आले होते.

माझ्या मांडीवर छापील फॉर्म होता.

"वय?"

"धरा पंचेचाळीस."

"इथे किती वर्षं काम करता?"

"अकरा."

"पूर्वी कधी मोठा ताप आला होता? महिनाभर राहणारा?"

"पोरपनी आला व्हता म्हनं. आई सांगायची. केसं गेली व्हती समदी."

मी पेन थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. लहानपणी विषमज्वर होऊन गेलेल्या काही माणसांच्या पित्ताशयात ते जंतू वर्षानुवर्षं मुक्काम करतात. माणूस धडधाकट असतो, त्याला स्वतःला पत्ता नसतो, आणि त्याच्या हातून ते दुसऱ्यांच्या अन्नात जातात. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. आता ते माझ्यासमोर चुलीपाशी बसलं आहे असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर हुरूपच आला.

"सध्या काही त्रास?"

"अंग मोडून आलंय. तिनीसांजला कनकन वाटती."

"दगदगीने होत असेल," मी म्हणाले. दोनशे पानांचा स्वयंपाक, त्यात शाळेवर आलेलं हे संकट. डोळे रडून सुजलेले दिसत होते. मी 'नाही' वर खूण केली.

"बाई, ती यशी," यमुनाबाई अचानक बोलू लागल्या, "चार दिस माझ्याच खोलीत व्हती. बोर्डिंगच्या हापिसरीनबाई गावाला गेल्या व्हत्या. पोरीचं वकनं, संडास, समदं मीच केलं. कापडं धुतली. अंग पुसलं. तिसऱ्या दिशी..."

"ते आपण नंतर बोलू," मी म्हणाले. बाहेर अजून तीन बायका थांबल्या होत्या आणि संध्याकाळच्या आत मुलींचे नमुने बर्फात जायला हवे होते. "हात धुवायला साबण असतो का?"



"असतो," त्या म्हणाल्या.

ते नंतर काही आलं नाही.

*

चौघींपैकी तिघींच्या नमुन्यांत काही निघालं नाही. यमुनाबाईंच्या नमुन्यात विषमज्वराचे जंतू वाढले. पाण्याच्या टाकीत काहीच सापडलं नाही, कारण आम्ही पोचायच्या आदल्या दिवशी कुणीतरी तीत भरपूर ब्लीचिंग पावडर ओतली होती. वास नाकाला झोंबत होता.

त्या काळी जंतूंची ओळख पटवायची आमच्याकडे एक पद्धत होती. जंतूचा डीएनए बाहेर काढायचा, ठरावीक जागी त्याचे तुकडे करायचे आणि ते खरवसाच्या वडीसारख्या मऊ थरात ठेवून त्यातून वीस-बावीस तास वीज सोडायची. लहान तुकडे पुढे सरकतात, मोठे मागे राहतात. शेवटी खास दिव्याखाली धरलं की उभ्या रांगेत आडव्या पट्ट्या दिसतात. दोन जंतूंच्या पट्ट्या सारख्या आल्या तर ते एकाच कुळातले.

अठरा मुलींच्या अठरा रांगा आणि शेवटची, एकोणिसावी, यमुनाबाईंची. फोटो हातात घेऊन मी आमच्या विभागप्रमुखांच्या, डॉ. कुलथ्यांच्या खोलीत गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो डोळ्यांजवळ धरला.

"जुळतात?"

"जुळतात, सर."

"शाबास. मग लिहा आणि पाठवून द्या. जिल्ह्यातून रोज फोन येतायत."

"गावातल्या दवाखान्यातून आणखी सहा नळ्या आल्यात, सर. जुलैच्या शेवटी गावात काही लोक तापाने आजारी होते, त्यांचे जंतू. तेही लावून बघितले असते..."

"कशाला? लहानपणीचा विषमज्वर, स्वयंपाकघरात काम, नमुन्यात जंतू, पट्ट्या सारख्या. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

मला आणखी काही नको होतं. मी वाद घातला नाही, कारण मलाही तेच उत्तर आवडलं होतं. सहा नळ्या उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या आणि अहवाल लिहिला. त्यातलं महत्त्वाचं वाक्य एकच होतं: 'स्वयंपाकी श्रीमती यमुनाबाई गांगुर्डे यांच्या नमुन्यातील जीवाणू रुग्ण मुलींच्या नमुन्यांतील जीवाणूंशी जनुकीयदृष्ट्या जुळतात.' वाक्यात खोटं काही नव्हतं. त्या मुलखात तेव्हा फिरणाऱ्या इतर जंतूंच्या पट्ट्याही कदाचित अशाच निघाल्या असत्या, हे मात्र त्यात नव्हतं.

आठवड्याभरात स्थानिक वर्तमानपत्रात मथळा आला. स्वयंपाकीणच साथीचं मूळ. पुण्याच्या प्रयोगशाळेचा निष्कर्ष. यमुनाबाईंना कामावरून काढलं, दवाखान्यात ठेवून औषधं दिली. औषध संपल्यावर त्यांचे आणखी तीन नमुने आमच्याकडे तपासायला आले. तिन्ही स्वच्छ. वर्षानुवर्षं जंतू बाळगणारा माणूस दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी सहसा इतका लख्ख होत नाही. हे मला ठाऊक होतं. तिन्ही कागदांवर माझ्या सह्या आहेत. सही करताना मी काय विचार करत होते, हे आठवायचा मी पुष्कळदा प्रयत्न केलाय. काहीच आठवत नाही.

*

सात वर्षांनी आमच्याकडे नवीन यंत्र आलं. पट्ट्यांचा जमाना संपला. आता जंतूचा सगळा डीएनए अक्षर न् अक्षर वाचता येत होता. विषमज्वराच्या जंतूत अशी अठ्ठेचाळीस लाख अक्षरं असतात. यंत्राचा हात बसावा म्हणून जुन्या साथींचे नमुने काढून वाचायचं ठरलं आणि ते काम डॉ. फरहीन इनामदारकडे गेलं. ती नुकतीच आमच्याकडे रुजू झाली होती; हुशार, आणि बोलायला सरळ.

एका दुपारी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, धामणखेडची साथ तुमची ना? स्वयंपाकीण मूळ निघाली होती ती?"

"हो. का?"

"नक्की तीच होती?"

मी तिला बसायला सांगितलं. तिने एक कोरा कागद ओढला आणि त्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या रेघा काढायला सुरुवात केली.

"ही गावातली सहा माणसं. फ्रीजरमध्ये त्यांच्या नळ्या होत्या, कुणी लावल्याच नव्हत्या, म्हणून मी त्याही घेतल्या. हे जुलैतले. आणि या शाळेतल्या मुली. गावातल्यांत आणि मुलींत एका अक्षराचाही फरक नाही. म्हणजे जे गावातल्यांना झालं तेच मुलींना झालं, आणि गावातल्यांना आधी झालं."

"शाळेची टाकी गावच्याच पाइपलाइनवर होती," मी म्हणाले. बाजारतळाशी ती पाइपलाइन गटाराखालून जायची. सप्टेंबरमध्ये तिथला सांधा बदलल्याचं एक ओळीचं पत्र आमच्या फायलीत होतं. मीच ते लावलं होतं.

"बरोबर. आता ही बघा मुलगी नंबर सात. हिच्या जंतूत एक अक्षर बदललंय. अठ्ठेचाळीस लाखांत एक. हिच्या अंगात असतानाच बदललं असणार, कारण बाकी सतरा मुलींत जुनंच अक्षर आहे. गावातही जुनंच. ते नवं अक्षर आणखी फक्त एका ठिकाणी आहे."

"कुठे?"

"एकोणीस."

एकोणीस कोण, हे मला फाइल न बघता माहीत होतं.

"म्हणजे बाकीच्या मुलींना तिच्याकडून मिळणं शक्यच नाही," फरहीन म्हणाली. "तसं असतं तर ते अक्षर सगळ्यांच्यात आलं असतं. राहता राहिली नंबर सात. सातकडून एकोणीसकडे गेलं की एकोणीसकडून सातकडे, हे नुसत्या अक्षरावरून नाही सांगता येत. आधी आजारी कोण पडलं?"

मी कपाटातून फाइल काढली. नंबर सात, यशोदा चिंतामण भोये, वय बारा. नमुना जिल्ह्याच्या रुग्णालयातून आलेला. ताप सुरू, तीन ऑगस्ट. नंबर एकोणीसचा फॉर्म माझ्याच अक्षरात होता. 'सध्या काही त्रास?' यापुढे 'नाही' वर खूण.

अंग मोडून आलंय, तिनीसांजला कनकन वाटती. चोवीस ऑगस्ट होती ती. यशोदेनंतर बरोबर तीन आठवडे. आणि यमुनाबाईंचं त्यापुढचं बोलणं, ते मी कुठेच लिहिलं नव्हतं, कारण फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता. पण ते मला शब्दन् शब्द आठवलं. पोरीचं वकनं, संडास, समदं मीच केलं. कापडं धुतली.

"मॅडम?" फरहीन म्हणाली. "काय झालं?"

"सातकडून एकोणीसकडे," मी म्हणाले.

डॉ. कुलथे तोवर निवृत्त झाले होते. नव्या संचालकांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "उत्तम पेपर होईल. जुनी पद्धत कुठे कमी पडते याचं याहून चांगलं उदाहरण नाही मिळणार."

"त्या बाईंना कळवायला हवं, सर."

"पेपरमध्ये नावं नसतातच. नंबर असतात."

"पहिल्या अहवालात नाव होतं," मी म्हणाले.

त्यांनी हात पसरले. मग म्हणाले, "दुरुस्तीचा अहवाल पाठवा जिल्ह्याला. मी सही करतो." त्यांनी ती केली, हे सांगायला हवं. अहवाल जिल्ह्याला गेला, शाळेला गेला. वर्तमानपत्राने आतल्या पानावर चार ओळी छापल्या, बियाण्यांच्या जाहिरातीखाली. एक प्रत मी पर्समध्ये घातली आणि धामणखेडची एसटी धरली.

*

शाळेतल्या कारकुनाला आधी नावच आठवेना. मग म्हणाला, "ती होय, टायफाइडवाली? ती असते कुठेतरी कांद्याच्या चाळीवर."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चाळ सापडली. ऑक्टोबरची ऊन तापलेली दुपार, कांद्याचा उग्र वास, पायाखाली वाळक्या पातीचा चुरा. बायका जेवायला बसल्या होत्या. सात-आठ जणींनी लिंबाच्या सावलीत गोल करून फडकी सोडली होती, एकीची चटणी दुसरीकडे जात होती. त्यांच्यापासून वीस पावलांवर, पत्र्याच्या आडोशाला, एक बाई एकटी जेवत होती. केस पुरते पांढरे झाले होते. मी चालत तिच्यापर्यंत गेले तशा बाकीच्या बायका बोलायच्या थांबल्या.

"यमुनाबाई, ओळखलंत?"

त्यांनी घास गिळला. "डबीवाल्या बाई."

मी त्यांच्यासमोर मातीत बसले. एसटीत बसून मनात जुळवलेलं सगळं विसरले आणि आडवंतिडवं सांगत सुटले. नवीन यंत्र, जंतू, गावचं पाणी, फुटका सांधा. त्यांनी भाकरी संपवली, तांब्यातल्या पाण्याने हात धुतले, फडकं झटकून घडी केलं.

"म्हंजे मी नव्हते," त्या म्हणाल्या.

"नव्हता तुम्ही."

"ते मला ठाव व्हतं, बाई. तुमाला कळाया सात वर्सं लागली."

"तुम्ही मला तेव्हाच सांगितलं होतंत. यशोदेचं सगळं तुम्ही केलं म्हणून. मी लिहून घेतलं नाही."

"व्हय. तुमी साबनाचं इचारलं."

मी मान खाली घातली. मला माफ करा, असं काहीसं पुटपुटले.

"माझा नातू तवा वर्साचा व्हता," यमुनाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसं त्या बोलत होत्या. "सुनंनं माझ्या हातातून काढून घेतला. तिची काय चूक? पेपरात व्हतं, डाक्टर बोलले व्हते. आता तो आठ वर्सांचा हाये. सनावाराला जाते मी तिकडं. पोळ्या सून लाटती. मी वसरीला बसती. माझ्या हातचा येक घास खाल्ला नाय त्यानं आजवर. तुमच्या माफीनं तो लहान व्हनार हाये का परत?"

"नाही," मी म्हणाले.

पर्समधून अहवालाची प्रत काढून मी त्यांच्यापुढे धरली. शिक्का होता, सही होती, मराठीत होतं. त्यांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. लिंबाखालच्या बायकांना ऐकू यावं म्हणून माझा आवाज आपोआप मोठा झाला. संपल्यावर एक म्हातारी उठली, आमच्यापाशी आली, कागदावरच्या शिक्क्याकडे वाकून पाहून परत गेली.

"सुनेकडे येऊ का मी? तिला वाचून दाखवते," मी विचारलं.

"तिच्याकडं माझी मी जाईन कागद घेऊन. नातू वाचतो आता." यमुनाबाईंनी कागदाची घडी करून तो पोलक्यात ठेवला. मग फडकं कमरेला खोचलं.

"तुमाला काय करायचंच असंल तर यशीच्या आईला सांगा. करंजपाण्याला. मी गेले व्हते येकदा, दवाखान्यातनं सुटल्यावर. तिच्या बानं पाड्याच्या तोंडावरनंच परत लावलं मला. दगुड व्हता त्याच्या हातात. मारला नाय."

"उद्या जाते."

"मी बी येती," त्या म्हणाल्या.

*

करंजपाण्याला रस्ता पाड्याच्या अलीकडे संपतो. भाड्याची जीप सोडून आम्ही नागलीच्या वावरांमधून चालत निघालो. कणसं पिकून तांबूस झाली होती. यमुनाबाई पुढे होत्या, पण पाड्याची पहिली घरं दिसली तशा थांबल्या आणि त्यांनी मला पुढे जाऊ दिलं.

चिंतामण भोये अंगणात पेंढ्या बांधत होते. आधी मला पाहिलं, मग माझ्यामागे पाहिलं आणि ताठ उभे राहिले.

"हिला कशाला आनली?"

"ऐकून घ्या," मी म्हणाले. "मी पुण्याहून आलेय. तुमच्या मुलीच्या आजाराचा तपास मीच केला होता. तो चुकला होता. तेवढं सांगायला आलेय. ऐकून मग आम्हाला जा म्हणा, आम्ही जाऊ."

घरातून यशोदेची आई बाहेर आली. भागीबाई. हातात सूप तसंच होतं. तिने यमुनाबाईंकडे पाहिलं आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. बसा असं कुणी म्हणालं नाही.

मी उभ्यानेच सांगितलं. शक्य तितकं सोपं करून. गावच्या पाण्यातून जंतू शाळेच्या टाकीत आले. सगळ्या मुलींच्या पोटातले जंतू अगदी एकसारखे होते. फक्त यशोदेच्या पोटातल्या जंतूवर एक बारीक खूण उमटली होती, जी दुसऱ्या कुठल्याच मुलीत नव्हती. तेव्हा आमच्याकडे ती खूण दिसेल असं यंत्र नव्हतं. आता आहे.

"आणि ती खूण आणखी एकाच माणसात सापडली," मी म्हणाले. "यमुनाबाईंच्यात. त्यांनी यशोदेला आजार दिला नाही. यशोदेचा आजार त्यांना झाला."

चिंतामण एक पाऊल पुढे आले.

"सरकारनंच सांगितलं व्हतं हिनं केलं. आता सरकारच सांगतंय नाय केलं."

"सरकारने नाही. मी सांगितलं होतं. पूर्ण तपासून न बघता. तेव्हाही मीच आणि आताही मीच."

त्यांनी पेंढीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. त्यांना माझ्याशी बोलायचं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

भागीबाईंनी सूप खाली ठेवलं.

"ती खून हिच्यात गेली कशी?"

"यशोदेचे कपडे धुताना, अंग पुसताना. पोटातून जे बाहेर पडतं त्यातून ते जंतू हाताला लागतात."

"कवा?"

"ताप सुरू झाला तेव्हा. पहिले चार दिवस. तिला जिल्ह्याला हलवायच्या आधी."

भागीबाई चौकटीपासून सुटून दोन पावलं पुढे आल्या. आता त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

"तू तिच्यापाशी व्हती?"

यमुनाबाईंनी मान हलवली.

"आमाला तर हापिसरीनबाई बोलल्या का पोरीनं ताप लपवला. कुनाला सांगितलंच नाय. खोलीच्या कोपऱ्यात येकलीच पडून ऱ्हायली. आमी दवाखान्यात गेलो तवा तिला शुद्ध नव्हती. मला वळखलं नाय तिनं." भागीबाई म्हणाल्या. "सात वर्सं झाली, माझ्या डोळ्यांपुढं त्यो कोपराच हाये. चार दिस पोर कोपऱ्यात पडली आन् तोंडात पानी घालाया कुनी नव्हतं."

"कोपऱ्यात नाय," यमुनाबाई म्हणाल्या. "माझ्या खाटंवर. मी खाली निजायची. हापिसरीनबाई नव्हत्याच तवा, त्यांला काय ठावं."

मी इथे यायला निघाले तेव्हा एका बाईवरचा डाग पुसायचा एवढंच माझ्या मनात होतं. अठ्ठेचाळीस लाखांतलं ते एक अक्षर नेमकं कशाचा पुरावा आहे, हे मला त्या अंगणात, भागीबाईंच्या तोंडाकडे बघताना कळलं. फरहीनच्या कागदावर सातपासून एकोणीसपर्यंत गेलेली ती रेघ म्हणजे कुणीतरी त्या पोरीला हात लावला होता.

भागीबाई खाली बसल्या. यमुनाबाईही त्यांच्यासमोर, शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसल्या. दोघींच्या मधे हातभर अंतर होतं.

"खाल्लं काय तिनं?"

"पयल्या दिशी काय नाय. वकत व्हती. दुसऱ्या दिशी नागलीची पेज केली पातळ, मीठ घालून. दोन वाट्या पेली. मला बोलली, माझी आय यात लसून घालती."

"घालती मी," भागीबाई म्हणाल्या. "तिला लसून लई आवडं."

"मंग तिसऱ्या दिशी घातला. पन तवा तिला ताप लई चढला. अर्धीच वाटी गेली."

चिंतामणांनी पेंढी टाकून दिली. ते भिंतीशी येऊन उकिडवे बसले, तोंड दुसरीकडे करून. पण ऐकत होते.

"माझी आठवन काढली?"

"लई. शेळी व्याली का, इचारी सारखं. म्हने, आयला निरोप धाडा, येक पिलू माझ्यासाठी ठेव, इकू नको."

"व्याली व्हती," भागीबाई म्हणाल्या. "दोन झाली व्हती. येक पाट आन् येक बोकड." त्यांनी पदर तोंडाशी नेला, पण डोळे यमुनाबाईंवरून हलले नाहीत. "आनखी?"

"केस इंचरून दे बोलली चौथ्या दिशी. गाडी येनार व्हती न्यायाला, म्हनून. मी तेल लावलं, येनी घातली. डोकं जाळ लागत व्हतं हाताला. रिबीन लाल पायजे बोलली, माझ्याकडं काळीच व्हती."

घरात चूल धुमसत होती. कुणी उठून तिच्याकडे गेलं नाही. मी अंगणाच्या कडेला सरकून उभी राहिले. तिथे आता माझं काही काम नव्हतं.

"मंग काळीच बांधली," यमुनाबाई म्हणाल्या. "आरसा दावला. हसली जराशीक."

"आन् मंग?" भागीबाईंनी विचारलं.

यमुनाबाई थोड्या पुढे सरकल्या आणि सांगू लागल्या.